विसरभोळी म्हणू नका : मज्जातंतूंचा आजार, चिंता आणि बाईची आठवण

(गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात बचत गटांच्या बायकांचे एक दिवसाचे शिबिर झाले. तिथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण दारू, रेशन आणि सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल बोललो. आता जेवणं झाल्यावर आजाराचा विषय निघाला, तशी मागच्या दोघीतिघींनी भिंतीला पाठ टेकलीय. टेकू द्या. मलाही उभं राहून फार वेळ बोलता येत नाही, म्हणून मी बसूनच बोलते.

मला जो आजार आहे त्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एमएस म्हणतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बारा वर्षांपूर्वी माझं निदान झालं. या आजाराने हातपाय जड पडतात, एवढं काही जणांना माहीत असतं. विचार मंदावतो, आठवण दगा देते, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि या मंदावण्यात चिंतेचाही वाटा असतो, हे तर आम्हाला सहसा कुणी सांगतच नाही. आज मला एवढ्या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. बाईची चिंता हा तिचा स्वभाव आहे असं धरून आपण ती सोडून देतो. पण ती चिंता तिच्या बुद्धीतला वाटा खात असते. ती चिंता जिथून येते, त्यातल्या बऱ्याच जागा आपल्या हातातल्या आहेत. म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच संघटनेचाही आहे.

आधी आजार समजून घेऊ. इटियाडोहची नहर तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. नहरीचं अस्तर फुटलं की काय होतं? पाणी मधेच झिरपतं, टोकाच्या बांधीला उशिरा पोचतं, कधी पोचतच नाही. धरणात पाणी असतं, बांधीत धान उभं असतं, बिघाड मधल्या वाटेवर असतो. आपल्या मज्जातंतूंनाही असं एक अस्तर असतं. त्याला मायलिन म्हणतात. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच या आजारात उलटते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे तंतू यांच्या अस्तरावर ती हल्ला करते. जागोजागी व्रण पडतात. मग निरोप उशिरा पोचतात, अर्धवट पोचतात.

कुणाला एका डोळ्याने धूसर दिसतं, कुणाच्या पायांत मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवी थांबवता येत नाही. थकवा तर असा येतो, की रोवणीचा दिवसही त्यापुढे बरा वाटावा. पुष्कळ जणींना ही लक्षणं येतात, काही आठवड्यांनी ओसरतात, पुन्हा येतात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, काल तर चांगली होती, आज सोंग करते. उन्हाची त्यात भर पडते. अंग तापलं की लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात, हे उथहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच नोंदवून ठेवलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत आमच्या पायांबरोबर आमचा विचारही मंदावतो.

हा आजार बहुतेकांना वीस ते चाळीस या वयात गाठतो, म्हणजे ऐन संसाराच्या आणि बाळंतपणाच्या वयात. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन ते तीन पट जास्त आढळतो. युरोपातल्या २५४ बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आजार शांत राहतो आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उसळतो, असं त्यात दिसलं. आता तुम्हीच सांगा, बाळंतिणीचे पाय लटपटायला लागले, तिला समोरचं दिसेना, सांगितलेलं ध्यानात राहीना, तर आपल्याकडे तिला आधी कुठे नेतात? दवाखान्यात की मांत्रिकाकडे?

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईला असला तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. सोयरीक मोडायला निघालेल्यांना हा आकडा जरूर सांगा.

आता आठवणीकडे येते. पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर या बायकांच्या मोठ्या रुग्णालयात शार्को नावाचे डॉक्टर होते. १८६८ मध्ये त्यांनी या आजाराचं नीट वर्णन केलं. रोग्यांची स्मरणशक्ती क्षीण होते, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तरी पुढे शंभर वर्षं डॉक्टरांचं लक्ष हातापायांवरच राहिलं. आज निरनिराळ्या पाहण्यांतून दिसतं, की एमएस असलेल्या शंभरातल्या चाळीस ते सत्तर जणांच्या विचारशक्तीवर कमीजास्त परिणाम होतो. सगळ्यात आधी फटका बसतो तो वेगाला. समजतं सगळं, पण उशिरा समजतं. त्यानंतर नवी गोष्ट ध्यानात ठेवणं जड जातं. जुनं सहसा शाबूत राहतं. म्हणूनच लग्नातली गाणी जिला तोंडपाठ असतात, तीच बाई सकाळी दिलेला निरोप संध्याकाळी विसरते. घरचे म्हणतात, हिला हवं तेवढं बरोबर आठवतं!

हा वेग मोजायची एक साधी चाचणी आहे. कागदावर वरच्या ओळीत नऊ खुणा असतात, प्रत्येक खुणेला एक आकडा दिलेला असतो. खाली नुसत्या खुणा असतात. नव्वद सेकंदांत जेवढ्या खुणांचे आकडे सांगता येतील तेवढे सांगायचे. माझी ही चाचणी नागपूरला झाली. त्याच दिवशी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मला आणखी चौदा प्रश्न विचारले. छातीत धडधडतं का, काहीतरी वाईट होणार असं वाटतं का, निवांत बसता येतं का, अशा धर्तीचे. मी म्हटलं, बाई, माझी तक्रार विसरण्याची आहे, धडधडीचं काय विचारता? त्या म्हणाल्या, दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय मला तुमच्या चाचणीचा अर्थ लावता येणार नाही.

त्यांचं म्हणणं मला घरी परतताना उमगलं. त्या दिवशी मी डोक्यात काय काय घेऊन त्या खुर्चीत बसले होते, ते सांगते. पहाटेची गाडी होती. गोंदियाहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. वाटेत लघवी आवरली नाही तर काय, या धास्तीने मी आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायले नव्हते. त्या इमारतीत बायकांचं संडास कुठे आहे, ते मी आत शिरल्यापासून शोधत होते. बिनपगारी रजा किती झाली, याचा हिशेब चालू होता. आणि घरातलं एक मोठं माणूस दोन दिवसांपूर्वी माझ्या देखत नवऱ्याला म्हणालं होतं, की अजून वय गेलेलं नाही तुझं. या सगळ्यात त्या नऊ खुणांना जागा उरली कुठे होती?

हेच शास्त्रही सांगतं. कुठलंही काम करताना आपण थोडी माहिती तेवढ्यापुरती हाताशी धरून ठेवतो. दुकानातून काय आणायचं, किती पैसे दिले, किती परत घ्यायचे. मनातली ही जागा सगळ्यांचीच लहान असते. चिंता येऊन तिथे ठाण मांडते. समोरचा बोलत असतो, आपण मान डोलावतो, पण बोलणं आत जातच नाही. जे आत गेलंच नाही ते पुढे आठवणार कसं? धडधाकट माणसाचा वेग चांगला असतो, त्यामुळे चिंतेतही त्याचं निभावून जातं. आमच्या निरोपांना आधीच उशीर होत असतो. त्यात चिंतेने जागा अडवली, की उरलासुरला वेगही जातो. चिंतेने झोप उडते, आणि झोप नसली की दिवसभरात शिकलेलं मनात रुजत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी विसरायला होतं. मग विसरण्याचीच चिंता लागते. असं हे रहाट फिरत राहतं.

एमएस असलेल्यांत चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. साधारण पाचातल्या एकीला उपचार लागावेत इतकी चिंता असते, आणि त्याहून कमी त्रास असलेल्या आणखी पुष्कळ असतात. पुरुषांपेक्षा बायकांत ती जास्त दिसते. चिंता जास्त असलेल्यांचे वेगाच्या आणि आठवणीच्या चाचण्यांतले गुण सरासरीने कमी येतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ‘माझी आठवण गेली’ ही तक्रार चाचणीतल्या गुणांपेक्षा मनाच्या अवस्थेशी जास्त जुळते. जिला चिंता आणि उदासी जास्त, तिची तक्रार जास्त. म्हणजे ती खोटं बोलते असं नव्हे. दिवसभर तिला जे भोगावं लागतं, ते शांत खोलीतल्या दीड मिनिटाच्या चाचणीत सगळं उतरत नाही.

इथे एक धोका आहे, तो नीट ध्यानात घ्या. ‘चिंतेने विसरायला होतं’ असं मी म्हटलं, की कुणीतरी लगेच म्हणेल, म्हणजे हिला आजारबिजार काही नाही, हे सगळं मनाचं आहे. बायकांच्या बाबतीत हे फार पूर्वीपासून चालत आलेलं आहे. ज्या शार्को डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, त्यांनीच त्याच रुग्णालयात पुढे ‘हिस्टेरिया’ असलेल्या बायकांना जमलेल्या लोकांसमोर उभं करून व्याख्यानं दिली. हिस्टेरिया हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आहे. बाईला फिट आली, पाय लुळा पडला, दिसेनासं झालं, की दोष तिच्या बाईपणाचा! एमएस असलेल्या कितीतरी बायकांवर आधी हाच शिक्का बसला. जॅकलिन द्यू प्रे ही इंग्लंडची जगप्रसिद्ध चेलोवादक. तिच्या बोटांची संवेदना जाऊ लागली, तेव्हा तिचाही त्रास आधी मनावरच्या ताणाचा समजला गेला. १९७३ मध्ये एमएसचं निदान झालं, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

दुसरा धोका याच्या उलट आहे. एकदा निदान झालं, की तिचं सगळं बोलणं, सगळं वागणं आजाराच्या खात्यावर मांडायचं. ती रडली तर मेंदूचा आजार, चिडली तर मेंदूचा आजार, विसरली तर मेंदूच गेला, आता काही होणार नाही. मग तिच्या चिंतेवर उपचार करायचे कुणाला सुचत नाहीत. आपल्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून ठेवायच्या आहेत. व्रण खरे आहेत, फोटोत दिसतात. चिंताही खरी आहे, तिची कारणंही खरी आहेत. व्रण पुसून टाकता येत नाहीत. चिंता कमी करता येते, आणि तिने अडवलेली जागा मोकळी करता येते.

आता चिंता येते कुठून ते पाहू. पहिली धास्ती असते घरातून काढून देण्याची. ‘जा माहेरी, बरी झालीस की ये,’ हे वाक्य इथे किती जणींनी ऐकलंय? विसरणाऱ्या बाईला आणखी एक भीती घातली जाते, की तू वेडी आहेस असं लिहून घेऊ आणि सोडचिठ्ठी घेऊ. म्हणून कायद्याच्या चार गोष्टी पाठ करून ठेवा. एमएस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, ते वेड नव्हे. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे खरं. पण नुसतं रोगाचं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही, विकार किती तीव्र आहे ते पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. अपमान करणं, टोमणे मारणं, नावं ठेवणं हीसुद्धा त्या कायद्यात हिंसा आहे. आणि २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे.

दाखला काढताना मात्र आमची अडचण होते. पाय किती उचलला जातो ते दिसतं. एक परिपत्रक तीनदा वाचावं लागतं, हे कुणाला दिसत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञाची चाचणी झाली असेल तर तिचा कागद फायलीत सगळ्यात वर ठेवा.

दुसरी धास्ती पैशाची. आजार उसळू नये म्हणून औषधं आहेत, पण त्यांतली बरीचशी गरिबाच्या आवाक्याबाहेर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पहिल्यांदाच या आजारावरची तीन औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. ती यादी दाखवून मागणी करायचं काम आपलं आहे. १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. या आजाराची माणसं आणि त्यांचे घरचे तिच्याकडे मार्गदर्शन मागू शकतात. एकटीने मागण्यापेक्षा गटाने पत्र लिहिलं तर लिहिणारीची धास्तीही निम्मी होते.

आता मी तुम्हाला आपल्या जिल्ह्यातल्या एका गटाचं सांगते. नाव, गाव सांगत नाही. त्या गटाची सचिव एमएसची. बारा बायकांचे हप्ते तिच्याकडे. एका महिन्यात तिने एकीचा हप्ता वहीत चढवला नाही, दुसरीचा दोनदा चढवला. कुजबुज सुरू झाली, पैसे खाल्ले म्हणून. तिच्या कानावर आलं. तिची झोप गेली. पुढच्या महिन्यात आणखी घोळ झाला. सभेत ठराव आला, की हिला काढा. तेव्हा एक वयस्क सभासद उठली आणि म्हणाली, काढायचं ते नंतर पाहू, आधी पैसे मोजा. पैसे मोजले. एक रुपया कमी नव्हता. घोळ फक्त वहीत होता.

मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. सभा दुपारची होती ती सकाळी आठला घेतली. एकीने पैसे मोजून आकडा मोठ्याने सांगायचा आणि सचिवाने तो लिहून परत वाचून दाखवायचा, असं ठरवलं. आणि हिशेब चालू असताना दुसरं काहीच बोलायचं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली, असं त्या हसत सांगतात! आज ती बाई सचिव आहे आणि वही बरोबर आहे. तिचा आजार होता तिथेच आहे. चोर ठरण्याची भीती गेली आणि कामाची रीत बदलली, तेवढ्याने तिची बुद्धी तिला परत वापरता आली.

तुमच्या गावात अशी बाई असेल, तर काय करायचं ते थोडक्यात सांगते. आधी तिला मज्जासंस्थेच्या डॉक्टरपर्यंत पोचवा. तिच्याबरोबर एकीने जा, आणि डॉक्टर सांगतील ते त्या एकीने लिहून घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा. यांच्यानेही विसरायला होतं आणि त्यावर सोपे उपचार आहेत. झोपेच्या काही गोळ्या आणि लघवी आवरण्याच्या काही गोळ्या आठवण मंद करतात. त्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. चिंतेचंही डॉक्टरांना सांगा, त्यात लाज नाही. तिच्यावर बोलण्याचे उपचार आहेत, व्यायाम आहे, गरज पडली तर औषधं आहेत. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीतही बोलता येतं.

घरात आणि गटात तिला एका वेळी एकच गोष्ट सांगा. सांगून झालं की तिच्या तोंडून परत वदवून घ्या. डोक्याचं काम सकाळच्या गारव्यात ठेवा. एक वही तिच्याजवळ असू द्या. वही बाळगणं हा कमीपणा नाही, सरपंचही वहीतूनच बोलतात. आणि ती शब्द शोधत असली, तर तिच्या तोंडचा शब्द हिसकावून घेऊ नका. थांबा. तुमचं थांबणं हेसुद्धा औषध आहे.

शेवटी दोन ठराव मांडते. पहिला, या तालुक्यातल्या कुठल्याही गटातून कुठल्याही बाईला ‘विसरते’ या कारणाने काढायचं नाही. आधी तिची तपासणी होईल आणि कामाची रीत बदलून पाहिली जाईल. दुसरा, बसस्थानकावर आणि सरकारी दवाखान्यात बायकांसाठी चालू, स्वच्छ, पाणी असलेलं संडास मिळावं, यासाठी आपण तहसीलदारांना निवेदन देऊ. ही मागणी फक्त आजारी बाईची नाही. पण तेवढी एक काळजी कमी झाली, तर आमच्यातल्या कितीतरी जणींना डॉक्टर काय बोलले ते घरी येईपर्यंत आठवेल.

ज्यांना ठराव मान्य असतील त्यांनी हात वर करावेत. मोजणी दोघी करतील, आणि आकडा मोठ्याने सांगतील.